दोन आयांचं पिल्लू

आधी जरा घाण बोलूया. जेवताना अंक वाचायची सवय असेल, तर एक तर ताट बाजूला ठेवा नाहीतर अंक.

कोंबडी दोन प्रकारची शिट टाकते, हे तुम्ही कधी पाहिलंय? पहिली नेहमीची. हिरवट-करडी, बऱ्यापैकी घट्ट आणि वर पांढरा थर. तो पांढरा थर म्हणजे तिची लघवी! पक्ष्यांना शी आणि शू वेगवेगळी करायची सोय नसते, सगळं एकाच वाटेनं एकदम उरकतं. दुसरी शिट दिवसातून मोजक्या वेळाच येते. ती तपकिरी, चिकट, आणि तिचा वास असा की खुराड्याजवळ उभं राहवत नाही. पहिल्यांदाच कोंबड्या पाळणारी माणसं ती बघून घाबरतात, ‘हिचं पोट बिघडलं’ म्हणून डॉक्टरांना फोन करतात. डॉक्टर हसतात. कोंबडीचं पोट अगदी ठणठणीत असतं, तेव्हाच ती अशी शिटते.

ही दुसरी शिट येते कुठून? कोंबडीचं लहान आतडं जिथं संपतं आणि मोठं सुरू होतं, त्या सांध्यावर दोन लांबुळक्या पिशव्या फुटलेल्या असतात. मोठ्या कोंबडीत त्या जवळपास वीतभर लांब असतात. एका टोकाला वाट, दुसरं टोक बंद. आत शिरलेल्याला त्याच वाटेनं परत यावं लागतं. आपण त्यांना आंधळी आतडी म्हणू. खाल्लेल्या अन्नातला बारीक, पातळ भाग तेवढा या पिशव्यांत शिरतो आणि तिथं निवांत मुरत पडतो. मुरवणारे कोण? जीवाणू. तिथल्या एका ग्रॅम लगद्यात सुमारे शंभर अब्ज जीवाणू असतात. सगळ्या पृथ्वीवर मिळून माणसं आहेत आठ अब्जांच्या आसपास. आता चिमूटभर शिटेकडे जरा आदरानं बघा.

हे जीवाणू फुकट राहत नाहीत. कोंबडीला जो चोथा पचत नाही तो ते पचवतात, त्यातून काही आम्लं तयार करतात आणि ती आम्लं कोंबडी शोषून घेते. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे, आणि ते ज्या दिवशी सुरू होतं तो दिवस म्हणजे पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तो दिवस.

अंड्यात पिल्लू 21 दिवस असतं. त्याचं आतडं तेव्हा जवळजवळ कोरं असतं. मग टकटक, टकटक, कवच फुटतं, ओलंचिंब पिल्लू बाहेर येतं, आईच्या पंखाखाली वाळतं आणि चोच मारायला लागतं. कशावर? दिसेल त्यावर. दाण्यावर, मातीवर, आईच्या पायावर आणि आईच्या शिटेवर. हो, शिटेवरही. तुम्ही ‘शीऽऽ’ म्हणालात ते मला इथंवर ऐकू आलं. पण त्या चोचीबरोबर आईच्या आंधळ्या आतड्यातले जीवाणू पिल्लाच्या पोटात पोचतात. म्हणजे आईनं पिल्लाला दोनदा वारसा दिला. एकदा अंड्याच्या आत, जनुकांचा. आणि दुसऱ्यांदा अंड्याच्या बाहेर, पोटातल्या जीवाणूंचा.

आता चला जबलपूरला.

नर्मदेकाठचं हे शहर. भेडाघाटचे संगमरवरी कडे तुम्ही फोटोत पाहिले असतील. इथं भोसल्यांचा अंमल होता तेव्हापासून मराठी घरं आहेत. आणि इथंच 1948 साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पुढं 2009 मध्ये राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ जबलपुरात झालं, आणि त्याला आता नानाजी देशमुखांचं नाव आहे. नानाजी आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे. आयुष्य गेलं उत्तर भारतातल्या खेड्यांत काम करण्यात. 2019 मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. गावाकडच्या माणसाच्या नावाच्या विद्यापीठात गावाकडची कोंबडी तयार व्हावी, हे मला भारी वाटतं.

तिचं नाव नर्मदानिधी. तिच्यात तीन हिस्से आहेत ‘जबलपूर कलर’ नावाचा, जबलपुरातच तयार झालेला रंगीत वाण आणि एक हिस्सा कडकनाथ. परसात सोडली तरी टिकेल, स्वतःचं पोट स्वतः भरेल आणि साध्या गावरान कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देईल, असा हिशेब करून शास्त्रज्ञांनी ती जोडली.

कडकनाथ तर तुम्हाला माहीत असेलच. झाबुआ, अलीराजपूर, धार या भागातल्या भिल्ल-भिलाला लोकांनी सांभाळलेली काळी कोंबडी. तिथं तिला ‘कालीमासी’ म्हणतात. पिसं काळी, तुरा काळा, जीभ काळी, मांस काळपट, हाडांवरचं आवरणसुद्धा काळं. अंडं मात्र काळं नसतं, बरं का! 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. हा काळेपणा येतो जनुकांतल्या एका गडबडीनं: गुणसूत्राचा एक तुकडा चुकून दोनदा छापला गेला, त्यामुळे रंग बनवणाऱ्या पेशी नको तितक्या वाढल्या आणि जिथं जायचं नाही तिथंही जाऊन बसल्या. जनुकं काय करू शकतात ते कडकनाथच्या अंगभर लिहिलेलं आहे.

पण कडकनाथचा एक दोष आहे. तिची कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. अंडी घातली की झालं तिचं काम! 21 दिवस एका जागी बसून ऊब द्यायचा कंटाळा. मग पाळणारे काय करतात? तिची अंडी दुसऱ्या गावरान कोंबडीखाली ठेवतात, नाहीतर उबवणी यंत्रात. आणि इथंच सगळी गंमत आहे. गावरान कोंबडीखाली जन्मलेल्या कडकनाथच्या पिल्लाला जनुकं एका आईची आणि पोटातले जीवाणू दुसऱ्या आईचे! यंत्रात जन्मलेल्याला जनुकं मिळाली, पण दुसरा वारसा द्यायला तिथं कोणी आईच नाही. स्वच्छ ट्रे, स्वच्छ हवा, आजूबाजूला आपल्याच वयाची शेकडो पिल्लं, आणि सगळ्यांची पोटं सारखीच कोरी.

‘पोट स्वच्छ आहे, मग चांगलंच की!’ असं कोणाला वाटेल. पण कोरं पोट जास्त वेळ कोरं राहत नाही. प्रश्न एवढाच असतो की आत पहिला कोण येतो.

साल्मोनेला नावाचा जीवाणू अशा वेळेची वाटच बघत असतो. (नावाचा साल्मन माशाशी संबंध नाही. डॅनियल साल्मन नावाच्या अमेरिकी पशुवैद्याच्या खात्यात तो 1885 मध्ये सापडला. शोधला त्यांचा सहकारी थिओबाल्ड स्मिथ यानं, नाव लागलं साहेबांचं. असं होतं कधीकधी.) साल्मोनेलाचे प्रकार पुष्कळ. पुलोरम नावाचा प्रकार पिल्लांना पांढरी हगवण लावतो. पिल्लं डोळे मिटून, पंख पाडून एका कोपऱ्यात गोळा होतात आणि पटापट मरतात. दुसरे काही प्रकार पिल्लाला फारसं काही करत नाहीत, पण त्याच्या पोटात मुक्काम ठोकतात आणि पुढं मांसातून, अंड्यातून माणसाला जुलाब-उलट्यांनी हैराण करतात.

1952 मध्ये मिलनर आणि शॅफर या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक विचित्र गोष्ट दाखवली. पहिल्याच दिवशीच्या पिल्लाला अगदी मूठभरही नव्हे, मोजून चारदोन साल्मोनेला दिले तरी ते पुरतात. तेच पिल्लू थोड्या दिवसांचं झालं की तितक्यानं काही होत नाही, हजारो-लाखो जीवाणू द्यावे लागतात. काही दिवसांत असं काय बदललं?

याचं झकास उत्तर फिनलंडमधून आलं. 1971 साली तिथं मांसाच्या कोंबड्यांमध्ये साल्मोनेला झपाट्यानं पसरला. सरकार हादरलं. एस्को नुर्मी नावाच्या शास्त्रज्ञाला वाटलं, यंत्रात जन्मलेल्या पिल्लांना काहीतरी मिळायचं राहून जातंय. काय राहतंय? मोठ्या कोंबडीच्या पोटातलं सामान! मग त्यानं आणि त्याची सहकारी रांताला हिनं धडधाकट मोठ्या कोंबड्यांच्या पोटातला ऐवज घेतला, पाण्यात कालवला आणि एक दिवसाच्या पिल्लांना पाजला. नंतर साल्मोनेला दिला. न पाजलेल्या पिल्लांच्या पोटात तो मजेत वाढला. पाजलेल्यांपैकी बहुतेकांच्या पोटात त्याला थाराच मिळाला नाही. 1973 मध्ये ‘नेचर’ या प्रसिद्ध नियतकालिकात हे छापून आलं. कोंबड्यांच्या दुनियेत याला आजही नुर्मीची पद्धत म्हणतात.

थारा का मिळाला नाही? महानगरी एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून कधी गेलायत? मुंबईला डबा फलाटाला लागतो तेव्हा रिकामा असतो. जो पहिला घुसेल त्याची खिडकी. कल्याण, नाशिक, भुसावळ करत करत गाडी जबलपूरला पोचते तेव्हा बाकांवर, बाकांखाली, वरच्या फळीवर, संडासाच्या दाराशी माणसंच माणसं. आता जबलपूरला चढू पाहणाऱ्यानं काय करायचं? दाराचा दांडा धरून लोंबकळायचं, नाहीतर फलाटावरच राहायचं. पहिल्या दिवशीच्या पिल्लाचं पोट म्हणजे मुंबईचा डबा, आणि आईच्या जीवाणूंनी भरलेलं पोट म्हणजे जबलपूरचा.

पण आतले जीवाणू जागा अडवून नुसते बसत नाहीत, ते जास्त खोडकर आहेत. आतड्याच्या अस्तरावर चिकटायच्या जागा ते आधीच पकडतात. खाऊ संपवून टाकतात. त्यांनी बनवलेल्या आम्लांमुळे आतलं पाणी आंबट होतं, ते साल्मोनेलाला मानवत नाही. काही जीवाणू तर शेजाऱ्याला मारणारी रसायनंच सोडतात. शिवाय त्यांच्या सततच्या वावरानं पिल्लाची रोगप्रतिकारशक्ती जागी होते आणि घरचा कोण, परका कोण हे शिकते.

नुर्मीचा हा पाजायचा प्रकार पुढं बाटलीत भरला गेला. 1987 पासून फिनलंडमध्ये ‘ब्रॉयलॅक्ट’ नावानं असं मिश्रण मिळू लागलं. ते पिल्लांवर फवारतात. पिल्लं ओली होतात, एकमेकांच्या अंगावरचे थेंब चोचीनं टिपतात आणि झालं! ज्या आईला पिल्लांनी कधी पाहिलंसुद्धा नाही, तिचा वारसा त्यांच्या पोटात गेला.

आणि भरलेला डबा कोणी रिकामा केला तर? तेही झालंय. 1954 मध्ये शिकागोत काही शास्त्रज्ञांनी उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक दिलं. एरवी उंदराला साल्मोनेलाची बाधा व्हायला सुमारे एक लाख जीवाणू लागत. औषधानं पोटातले नेहमीचे रहिवासी मेले आणि मग दहापेक्षाही कमी जीवाणू पुरेसे ठरले. लाखावरून थेट दहाच्या आत! म्हणून कोंबड्यांना उगाचच, वजन वाढावं म्हणून खाद्यातून प्रतिजैविकं चारणं मला मुळीच पटत नाही. भारतात कोलिस्टिन नावाचं फार महत्त्वाचं औषध असंच वापरलं जायचं. जुलै 2019 मध्ये सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. उशिरा का होईना.

थांबा, म्हणजे यंत्र वाईट आणि आई चांगली, असं नाही हं. आई शिटेतून चांगले जीवाणू देते तसे वाईटही देऊ शकते. तो पांढऱ्या हगवणीचा पुलोरम तर अंड्याच्या आतूनच पिल्लात शिरतो, शिटेची वाटसुद्धा बघत नाही. पिल्लांना मोठ्या कोंबड्यांपासून वेगळं काढायला लागले त्यामागं असे रोग होतेच. म्हणून मोठ्या फार्मवर आयांच्या रक्ताचा एकेक थेंब घेऊन, त्यात रंगीत द्रव मिसळून तपासतात. गुठळ्या दिसल्या की ती कोंबडी अंड्यांच्या कामातून बाद.

आता पहिल्या वारशाकडे वळू, जनुकांकडे.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रॉबर्ट्स आणि कार्ड यांनी सोपी पण कठोर युक्ती केली. पिल्लांना पुलोरमची बाधा करायची, जी जगतील ती वाढवायची, त्यांचीच अंडी उबवायची, त्या पिल्लांना पुन्हा बाधा. अशा कित्येक पिढ्या. 1935 मध्ये त्यांनी जाहीर केलं: निवडलेल्या वंशातली पिल्लं न निवडलेल्यांपेक्षा बरीच जास्त जगतात. म्हणजे रोगाशी झुंजायची ताकद वंशातून उतरते.

पण अशी कोणती ताकद? इथं कॉर्नेल विद्यापीठातले फ्रेडरिक हट भेटतात, आणि हा माणूस मला फार आवडतो. त्यांनी पाहिलं की पांढऱ्या लेगहॉर्न जातीची पिल्लं पांढऱ्या हगवणीला जड जातींच्या पिल्लांपेक्षा कमी बळी पडतात. आणखी एक गोष्ट दिसली. मोठ्या कोंबडीचं अंग 41-42 अंश सेल्सिअस गरम असतं, पण नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचं त्याहून थंड. पहिले काही दिवस त्याला स्वतःची ऊब सांभाळता येत नाही. लेगहॉर्नची पिल्लं मात्र इतरांपेक्षा लवकर तापतात. हट यांच्या डोक्यात आलं, रोग द्यायचाच कशाला? नुसतं तापमान मोजू. पहिल्या दिवसांत ज्यांचं अंग जास्त गरम त्यांचा एक वंश, ज्यांचं कमी त्यांचा दुसरा. पिढ्यान्‌पिढ्या एकाही पिल्लाला रोग न लावता निवड चालू ठेवली आणि शेवटी तपासलं. गरम वंशाची पिल्लं पांढऱ्या हगवणीतून जास्त वाचली! 1960 मध्ये हट आणि क्रॉफर्ड यांनी हे प्रसिद्ध केलं. हाती फक्त थर्मामीटर आणि भरपूर चिकाटी.

पुढं जनुकांच्या आत डोकावता आलं. 2001 मध्ये कोंबडीच्या पाचव्या गुणसूत्रावर एक जागा सापडली, तिचं नाव साल-1. तिथली जनुकं चांगली असली की पिल्लाच्या रक्तातल्या भक्षक पेशी गिळलेल्या साल्मोनेलाला चटकन संपवतात. नसली तर तो गिळल्यावरही पेशीच्या आत जिवंत राहतो.

मग कडकनाथसारख्या काटक कोंबड्यांना काहीच होत नाही का? ‘गावठी आहे, तिला काय होतंय!’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. रानात चरून वाढलेल्या वाणांना ऊन, कमी खाणं, धावपळ सोसते, हे खरं. पण जानेवारी 2021 मध्ये झाबुआ जिल्ह्यातल्या एका कडकनाथ फार्मवर बर्ड फ्लू आला. महेंद्रसिंग धोनीनं मागवलेली दोन हजार पिल्लं तिथूनच जायची होती. ती तेव्हा जाऊ शकली नाहीत. बर्ड फ्लू हा जीवाणू नव्हे, विषाणू. त्याच्यापुढं काळा रंग, काटकपणा, मानांकन काहीच चाललं नाही. एका रोगाला पुरून उरणारी कोंबडी दुसऱ्या रोगापुढं आडवी होऊ शकते.

आता खरा गुंता. हे दोन वारसे एकमेकांपासून वेगळे तरी आहेत का? अमेरिकेत व्हर्जिनियात 1957 पासून एक प्रयोग चाललाय. एकाच मूळ कळपातून दोन वंश काढले: एक वजनदार कोंबड्यांचा, एक हलक्यांचा. आज त्या दोघी एकाच जातीच्या आहेत असं सांगूनही पटत नाही. दोघींना एकाच शेडमध्ये, एकाच खाद्यावर ठेवलं तरी त्यांच्या पोटातल्या जीवाणूंची मंडळी वेगवेगळी निघते. म्हणजे कोणाला घरात घ्यायचं यातही जनुकांचा थोडा हात असतो.

स्कॉटलंडमध्ये एडिनबराजवळ रॉस्लिन नावाची संस्था आहे. डॉली मेंढी जिथं 1996 मध्ये जन्मली तीच. तिथले शास्त्रज्ञ कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या वळणदार जीवाणूमागं लागलेत. हा मोठा चतुर. त्याला 42 अंशांची ऊब आवडते, म्हणजे कोंबडीचं पोट त्याला नेमकं मानवतं. कोंबडीला तो सहसा आजारी पाडत नाही, आंधळ्या आतड्यात गुपचूप राहतो आणि त्रास देतो आपल्याला. (कच्चं चिकन नळाखाली खळखळून धुतलं की हा शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर उडतो. म्हणून ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्यानं 2014 मध्ये ‘चिकन धुऊ नका’ अशी मोहीमच काढली होती. नीट शिजवलं की हा मरतो. आमच्या घरात मात्र न धुता चिकन शिजवा म्हटलं तर स्वयंपाकघरात बंड होईल.)

रॉस्लिनच्या लोकांनी हजारो कोंबड्यांची जनुकं तपासली. कॅम्पायलोबॅक्टर कुणात कमी, कुणात जास्त, यात जनुकांचा वाटा आहे, पण छोटा, असं निघालं. बाकीचा वाटा कोणाचा? खाद्य, शेड, नशीब आणि अर्थातच पोटातली मंडळी. मग त्यांनी गमतीदार अदलाबदल केली. या जीवाणूला जास्त विरोध करणारा एक वंश आणि कमी विरोध करणारा दुसरा, अशा दोघांच्या आंधळ्या आतड्यातला ऐवज एकमेकांच्या नवजात पिल्लांना दिला. पोटातल्या मंडळीचा हात आहे हे दिसलं, पण दोन वंशांतला सगळा फरक काही त्या ऐवजाबरोबर इकडून तिकडे गेला नाही. दोन्ही वारसे दोर ओढतायत.

मला विचाराल तर दोन्हींत दुसऱ्या वारशाकडे आपण उगाच कमी लक्ष देतो. चांगली जनुकं जमवायला कित्येक पिढ्या लागतात. चांगली पोटं एका फवाऱ्यात भरता येतात.

आता तुम्हाला एक कोडं. जबलपुरात बसून हे दोन वारसे वेगळे काढायचे आहेत. कडकनाथ जास्त दणकट की जबलपूर कलर, आणि तो दणकटपणा जनुकांचा की पोटातल्या जीवाणूंचा? तुम्ही म्हणाल सोप्पं! कडकनाथची अंडी जबलपूर कलरच्या कोंबडीखाली ठेवू, तिची अंडी कडकनाथखाली ठेवू. पण कडकनाथ बसते कुठं? ठीक, सगळीच अंडी यंत्रात उबवू आणि शिट आपणच पाण्यात कालवून पाजू.

तरी फसाल! कारण आई एक तिसरी गोष्टही देते. अंड्याच्या पिवळ्या बलकातून ती स्वतःच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं पिल्लाला पाठवते. पहिले दोनतीन आठवडे ती पिल्लाला सांभाळतात. लहान पिल्लांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर सहसा सापडत नाही, त्यामागं हेही एक कारण मानतात. म्हणजे कडकनाथचं पिल्लू टिकलं तर श्रेय जनुकांचं की बलकाचं?

यातून एक सुटका आहे. कोंबड्या बदलूच नका, कोंबडे बदला! कोंबडा पिल्लाला जनुकांखेरीज काहीच देत नाही. ना बलक, ना ऊब. यंत्रात उबवलं तर शिटसुद्धा नाही. तेव्हा आया सगळ्या एकाच वाणाच्या घ्या. निम्म्यांबरोबर कडकनाथचा कोंबडा, निम्म्यांबरोबर जबलपूर कलरचा. अंडी एकाच यंत्रात. मग दोन्ही बापांच्या पिल्लांचे पुन्हा दोन-दोन गट करा, एका गटाला मोठ्या कोंबडीच्या पोटातला ऐवज पाजा, एकाला नुसतं पाणी. झाले चार गट. रोग लावायचं काम घरी करायचं नाही, ते प्रयोगशाळेतल्या मोठ्यांचं. पण पिल्लं रोज तोलायची, शिटेचे नमुने डब्यांत भरून त्यांवर गटाचं नाव लिहायचं, एवढं तुम्हाला जमेल. आणि ते दोन कोंबडे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खुराड्यांत ठेवा. एकत्र सोडलेत तर जनुकांचा निकाल लागायच्या आधी त्यांचाच लागेल.